विश्लेषण : चट्टा खाजत नाही, दुखत नाही, मग भीती कशाची? साताऱ्याच्या सिव्हिल सर्जनने पाहिलेल्या मुक्या मज्जातंतूंची गोष्ट

कराड-पाटणच्या पट्ट्यात ऊसतोडीच्या दिवसांत फडातून घरी आलेल्या माणसाचे हात आणि मान रात्रभर खाजत राहते. पाल्याची कूस कातडीत शिरलेली असते. पायात बाभळीचा काटा मोडला तर पाऊल टाकवत नाही. खाज आणि ठणका, दोन्ही माणसाला दवाखान्याची वाट धरायला लावतात. पाठीवर किंवा दंडावर उठलेला, न खाजणारा, न दुखणारा फिकट चट्टा मात्र वर्षानुवर्षे तसाच राहतो. त्रास नाही म्हणून त्याकडे कोणी पाहत नाही. कुष्ठरोगात नेमके इथेच फसायला होते. त्वचेकडून मेंदूकडे जाणारी तार तुटली की शरीरात काय घडते, हे हिंदुस्थानात प्रेते उघडून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहून आणि हाताने चित्रे काढून दाखवणाऱ्या पहिल्या काही डॉक्टरांपैकी एक जण १८६३ ते १८७२ अशी नऊ वर्षे साताऱ्यात सिव्हिल सर्जन होता. त्याची चित्रे जगभरातील वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या टेबलावर होती, पण त्याचे नाव फारसे कोणाला माहीत नव्हते.

हेन्री व्हॅनडाइक कार्टर कोण होते?

जन्म २२ मे १८३१, इंग्लंडमधील हल या बंदराच्या गावी. वडील हेन्री बार्लो कार्टर जलरंगातील निसर्गचित्रे काढणारे चित्रकार, भाऊही चित्रकार. मुलाचे ‘व्हॅनडाइक’ हे मधले नावही एका थोर चित्रकारावरून ठेवलेले. घर स्कारबरो या समुद्रकाठच्या गावात. मुलाने मात्र डॉक्टरकी निवडली आणि सोळाव्या वर्षी लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या वैद्यकीय शाळेत प्रवेश घेतला. हातातली कला तिथे वाया गेली नाही. शवविच्छेदनाच्या टेबलावर जे दिसते ते तो जसेच्या तसे कागदावर उतरवू शकत असे. पुढे रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये रिचर्ड ओवेन यांच्यासारख्या नामवंत शरीरशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्याने माणसाची आणि प्राण्यांची शरीररचना अभ्यासली. १८५६ मध्ये लंडन विद्यापीठाची एम. डी. पदवी मिळाली.

स्वभाव अबोल, धार्मिक, स्वतःवर सतत नाराज. तरुणपणी त्यांनी लिहिलेल्या रोजनिशा आज लंडनच्या वेलकम संग्रहात आहेत. आपण मागे पडतो आहोत, आपल्या कष्टाची दखल घेतली जात नाही, ही टोचणी त्यांत पुन्हा पुन्हा येते. ती सगळीच मनाची खेळी नव्हती, हे पुढे दिसते.

सेंट जॉर्जमध्ये त्यांच्याहून थोडे मोठे, हुशार आणि महत्त्वाकांक्षी शल्यवैद्य होते हेन्री ग्रे. विद्यार्थ्यांना परवडेल आणि शस्त्रक्रियेसाठी उपयोगी पडेल असे शरीररचनेचे पुस्तक काढायचे त्यांच्या मनात होते. मजकूर ग्रे यांचा, चित्रे कार्टर यांची असे ठरले. सुमारे १८ महिने दोघांनी मिळून प्रेतांचे विच्छेदन केले. एकूण ३६३ चित्रे तयार झाली. कार्टर ती थेट लाकडी ठोकळ्यांवर काढत आणि कारागीर त्यांवरून कोरीवकाम करत.

पुस्तकावरचे नाव बारीक का झाले?

हेच ते ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’. १८५८ मध्ये बाहेर पडले आणि आजतागायत त्याच्या नव्या आवृत्त्या निघत आहेत. कार्टर यांनी त्यात एक साधी पण मोलाची गोष्ट केली. तोवरच्या पुस्तकांत अवयवांवर आकडे किंवा अक्षरे असत आणि त्यांचा अर्थ तळाशी शोधावा लागे. कार्टर यांनी नावे थेट त्या त्या भागावरच लिहिली. स्नायूवर स्नायूचे नाव, मज्जातंतूच्या कडेने मज्जातंतूचे नाव, जणू नकाशावर नदीच्या प्रवाहाबरोबर वळत जाणारे नदीचे नाव. डोळ्यांना पानभर भटकावे लागत नसे.

मोबदल्याचा हिशेब वेगळा होता. ग्रे यांना दर हजार प्रतींमागे १५० पौंड मिळायचे होते, कार्टर यांना एकदाच १५० पौंड. छपाईच्या मुद्रितांवर ग्रे यांनी आणखी एक काम केले. शीर्षकपानावरच्या कार्टर यांच्या नावाचा टाइप आपल्या नावापेक्षा लहान करायला लावला आणि कार्टर यांना नव्यानेच मिळालेल्या मुंबईच्या प्राध्यापकपदाचा उल्लेख खोडून टाकला. पुस्तक बाजारात आले तेव्हा तक्रार करायला कार्टर लंडनमध्ये नव्हतेच. त्याच वर्षाच्या सुरुवातीला ते मुंबईच्या वैद्यकीय सेवेत दाखल होऊन जहाजाने निघून गेले होते. १८६१ मध्ये देवीच्या साथीत ग्रे वयाच्या अवघ्या ३४व्या वर्षी गेले. पुस्तक त्यांच्या एकट्याच्या नावाने जगले.

वेदना मेंदूपर्यंत जाते कशी?

कार्टर यांच्या चित्रांतील मज्जातंतू पाहिले तर पाठीच्या कण्यातून निघून हातापायांच्या टोकापर्यंत फुटत गेलेल्या फांद्या दिसतात. त्यातून नेमके काय वाहते, याची उत्तरे त्याच काळात मिळू लागली होती. कण्याच्या मागच्या बाजूने आत शिरणारी मुळे संवेदना आणतात आणि पुढच्या बाजूने निघणारी मुळे स्नायूंना हालचालीचा हुकूम नेतात, हे १८२०च्या दशकापर्यंत सिद्ध झाले होते. १८५० मध्ये जर्मनीत हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो हे मोजले. तो क्षणार्धात पोहोचत नाही, सेकंदाला सुमारे २७ मीटर जातो, हे ऐकून त्या काळच्या विद्वानांना धक्का बसला होता.

आज हे चित्र बरेच स्पष्ट आहे. उंबऱ्याला ठेच लागली असे समजू. अंगठ्याच्या त्वचेत मज्जातंतूंची उघडी, केसाहून बारीक टोके पसरलेली असतात. जोराचा दाब, चटका किंवा इजा झालेल्या पेशींतून बाहेर पडणारी रसायने या टोकांवरची सूक्ष्म दारे उघडतात, विद्युतभारित कण आत शिरतात आणि संदेश सुरू होतो. यातले एक दार उष्णतेने उघडते आणि मिरचीतल्या तिखट रसायनानेही. म्हणून तांबडा रस्सा तोंडाला ‘भाजतो’, प्रत्यक्षात तो कोमट असला तरी. या दाराचा शोध १९९७ मध्ये लागला आणि त्यासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१चे नोबेल विभागून मिळाले.

अंगठ्यापासून कण्यापर्यंत मध्ये कुठेही सांधा नाही. एकाच चेतापेशीचा सुमारे मीटरभर लांब धागा ही वाट पार करतो. त्या पेशीचे मूळ शरीर कण्याशेजारच्या छोट्या गाठीत असते. धागे दोन प्रकारचे. काहींवर चरबीचे पातळ वेष्टन असते, ते सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने पहिली तीक्ष्ण कळ नेतात. काही अगदी बारीक आणि उघडे, त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम मीटरभर. म्हणून ठेच लागल्यावर आधी झटकन कळ येते, माणूस पाय वर घेतो आणि मग मागाहून ठणका सुरू होतो. दोन्हींत साधारण सेकंदाचे अंतर पडते. पुढच्या वेळी ठेच लागली तर मोजून पाहता येईल, अर्थात तेवढे भान राहिले तर.

मज्जारज्जूत संदेश दुसऱ्या चेतापेशीकडे सोपवला जातो. तिचा धागा तिथेच बाजू ओलांडतो. उजव्या पायाची वेदना डाव्या बाजूने वर चढते, थॅलॅमस या मेंदूच्या मधल्या ठाण्यावर थांबते आणि तिथून पुढे फुटते. एक वाट कुठे दुखते ते सांगते, दुसरी वाट किती वाईट वाटते ते. वाटेत नाकीही असतात. ठेच लागलेला अंगठा आपण चोळतो, कारण स्पर्शाचे जाड, वेगवान धागे मज्जारज्जूत वेदनेचा आवाज काही काळ दाबतात. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये हे ‘दार’ मांडले. तपशील पुढे बदलले, पण मुलाला लागले की आई तिथे हात का चोळते, याचे उत्तर साधारण असेच आहे.

मुंबईत काय दिसले?

मुंबईला कार्टर ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना आणि शरीरक्रिया शिकवू लागले. शेजारीच जमशेटजी जीजीभाई रुग्णालय. तिथे त्यांना लंडनमध्ये क्वचित दिसणारे रुग्ण रोज दिसू लागले. अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्यांच्या पायाला सूज येऊन जागोजागी भोके पडत आणि त्यातून दाणे पडत. हा रोग बुरशीचा आहे असे कार्टर यांनी दाखवले आणि त्याला ‘मायसेटोमा’ हे आजही वापरात असलेले नाव दिले. हाही रोग बराच काळ न दुखता वाढतो, ही लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट.

दुसरे रुग्ण महारोगाचे, गावाकडे ज्याला रक्तपितीही म्हणत. झडलेली बोटे, पायाला न भरणाऱ्या जखमा, वाकडे झालेले हात. रस्त्यावर, देवळाच्या पायऱ्यांवर ते सगळ्यांना दिसत. हा पूर्वजन्मीच्या पापाचा भोग, असे लोक मानत. डॉक्टरांना तो रक्ताचा दोष किंवा वंशपरंपरा वाटे. नॉर्वेत डॅनियलसन आणि बोएक यांनी १८४७ मध्ये या रोगाचे बारकाईने वर्णन केले होते आणि संवेदना जाणारा प्रकार वेगळा ओळखला होता. हिंदुस्थानात मात्र या माणसांच्या आत काय झाले आहे हे कोणी नीट उघडून पाहिलेले नव्हते.

कार्टर यांनी पाहिले. शरीरातील मज्जातंतूंची जाळी ज्या हातांनी महिनोन्महिने रेखाटली होती, त्याच हातांनी आता मेलेल्या कुष्ठरुग्णांचे मज्जातंतू सोडवले. निरोगी मज्जातंतू कसा दिसतो, किती जाड असतो, कुठे वळतो हे त्यांच्याइतके बारकाईने जाणणारे तेव्हा जगात मोजकेच होते. म्हणूनच बिघाड त्यांच्या लक्षात आला. मज्जातंतूचे खोड ठरावीक जागी सुजून जाड आणि कडक झालेले, सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या आतल्या धाग्यांमध्ये भलताच भरणा झालेला आणि धागे नाहीसे होत चाललेले. अशी एक जागा प्रत्येकाच्या ओळखीची आहे. कोपराला आतून काही आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. तिथे अल्नर नावाचा मज्जातंतू हाडालगत, कातडीच्या अगदी खाली असतो. कुष्ठरोगात तो कोपराच्या वरच्या अंगाला दोरीसारखा हाताला लागतो आणि करंगळीची बाजू आधी बधिर होते, मग बोटे आत वळतात. १८६०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या मेडिकल अँड फिजिकल सोसायटीच्या वृत्तांतात कार्टर यांनी ही लक्षणे आणि शवविच्छेदनातली निरीक्षणे सविस्तर छापली. चित्रे अर्थातच स्वतःची.

रोगाचे जंतू अजून सापडलेले नव्हते. तरी चट्ट्याची बधिरता आणि दूर कोपराजवळची सूज ही एकाच आजाराची दोन टोके आहेत, हे त्यांतून स्पष्ट झाले.

साताऱ्यातली नऊ वर्षे कशी गेली?

१८६३ मध्ये कार्टर यांची साताऱ्याला सिव्हिल सर्जन म्हणून नेमणूक झाली. छत्रपतींचे सातारा संस्थान खालसा होऊन तेव्हा पुरती वीस वर्षेही झाली नव्हती. कराड हा या जिल्ह्याचाच तालुका. रेल्वे अद्याप आलेली नव्हती. राजधानीतल्या प्राध्यापकाला हे एका अर्थाने बाजूला पडणेच होते. घरचे आयुष्यही सुखाचे नव्हते. मुंबईत केलेला विवाह थोड्याच दिवसांत विस्कटला होता आणि त्याची कुजबुज गोऱ्या वस्तीत झाली होती.

पण ज्या रोगाचा त्यांना ध्यास होता, तो खेड्यातच राहत होता. रुग्णालयातल्या प्रेतावरून रोगाचा शेवट कळतो. त्याची सुरुवात घरात, शेतात, जिवंत माणसात पाहावी लागते. कोणत्या गावात किती, घरात आणखी कोणाला, रोग कोणत्या वयात उठला, आधी काय दिसले, असे प्रश्न कार्टर विचारू लागले. मुंबई इलाख्यात १८६७ मध्ये सरकारने कुष्ठरुग्णांची जी माहिती गोळा केली होती, तिच्या आधारे त्यांनी रोगाचे प्रमाण आणि स्वरूप मांडणारा अहवाल लिहिला. गावपातळीवरून आलेल्या तक्त्यांत चुका असणारच, तरीही इलाखाभरच्या आकड्यांवरून या रोगाकडे पाहण्याचा तो सुरुवातीचा गंभीर प्रयत्न होता.

त्याच १८६७ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने साम्राज्यभर प्रश्नावली पाठवून काढलेला निष्कर्ष जाहीर केला. कुष्ठरोग संसर्गजन्य नाही, असा. सरकारला तो सोयीचा होता, कारण संसर्गच नसेल तर खर्चही नको. कार्टर स्वतः तेव्हा वंशपरंपरेच्या मताकडे झुकलेले होते. घराघरांत एकामागून एक माणसे आजारी पडताना दिसली की तसे वाटणे साहजिक होते. याच सुमारास मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड कडू कवठीच्या बियांच्या तेलाने कुष्ठरुग्णांवर उपचार करून पाहत होते. औषध त्यांनी गुप्त ठेवले, त्यावर वाद झाले. त्याच जातीचे तेल पुढे कित्येक दशके जगभर वापरात राहिले, गुण मात्र बेताचाच.

बोटे झडतात की गमावली जातात?

कुष्ठरोगात मांस सडून बोटे गळतात, असा समज आजही गावोगाव आहे. खरे कारण त्याहून साधे आहे आणि अधिक भयंकर. जंतूंना थंडावा लागतो. शरीराच्या आतल्या ३७ अंशांपेक्षा कमी, साधारण ३० ते ३३ अंश तापमानात ते वाढतात. म्हणून त्वचा, नाक, कान आणि कातडीलगतच्या मज्जातंतूंत ते घर करतात. मज्जातंतूंच्या धाग्यांना वेष्टन पुरवणाऱ्या श्वान पेशींतच ते शिरतात. एका जंतूचे दोन व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, इतका संथ दुसरा रोगजंतू क्वचितच असेल. म्हणून लागण आणि लक्षण यांत सरासरी पाच वर्षे जातात.

आधी बारीक धागे मरतात. पहिल्यांदा गरम-थंड कळेनासे होते, मग वेदना, मग हलका स्पर्श. घाम थांबतो, त्वचा कोरडी पडते. जाड धागे बराच काळ शाबूत राहत असल्याने माणसाला आपला हात कुठे आहे ते कळते, त्यात ताकद असते, तो काम करत राहतो. फक्त काम करताना इजा झाली तरी कळत नाही. चुलीवरचे पातेले उघड्या हाताने उचलले जाते. खिळा वहाणेतून पायात घुसतो आणि संध्याकाळपर्यंत माणूस त्यावर चालतो. निरोगी माणूस दगडावरून चालताना नकळत पाय वाकडा टाकतो, भार बदलतो, लंगडतो. लंगडणे ही पायाने स्वतःला दिलेली सुट्टी असते. बधिर पायाला ती मिळत नाही, जखम हाडापर्यंत जाते, हाड झिजते आणि बोट आखडत आखडत नाहीसे होते.

हे पुराव्यानिशी सिद्ध व्हायला कार्टर यांच्यानंतर आणखी पाऊणशे वर्षे जावी लागली. १९४०च्या दशकाच्या अखेरीस वेल्लोरला पॉल ब्रँड या शल्यवैद्याने रुग्णांच्या प्रत्येक जखमेचा माग काढला तेव्हा जवळपास प्रत्येकीमागे रोजच्या जगण्यातला एखादा न जाणवलेला अपघात निघाला. काहींची बोटे रात्री झोपेत उंदीर कुरतडत होते. रुग्णांना जाग येत नव्हती, म्हणून घरी नेताना मांजर देण्याची रीत पडली.

नॉर्वेतून कार्टर काय घेऊन आले?

१८७२ मध्ये कार्टर दीर्घ रजेवर युरोपला गेले. विश्रांतीसाठी म्हणावे तर ते सरळ नॉर्वेतल्या बर्गनला पोहोचले, जिथे कुष्ठरोगाची रुग्णालये होती आणि प्रत्येक रुग्णाची देशव्यापी नोंदवही होती. तिथेच १८७३ मध्ये हॅन्सन यांना रुग्णांच्या गाठींत काडीसारखे जंतू दिसले. कार्टर यांनी नॉर्वेतल्या कामावर अहवाल लिहिला, पुढे इटली, ग्रीक बेटे, पॅलेस्टाइन अशी या रोगाची ठिकाणे धुंडाळली. १८७४ मध्ये त्यांचा कुष्ठरोग आणि हत्तीरोगावरचा सचित्र ग्रंथ निघाला. मुंबई आणि साताऱ्यातली कमाई त्यात होती. वंशपरंपरेवरचा त्यांचा विश्वास आता ढळला आणि रोग माणसाकडून माणसाकडे जातो या मताकडे ते वळले. चाळिशी ओलांडलेल्या, नाव झालेल्या डॉक्टरने स्वतःचे जुने मत सोडणे ही सोपी गोष्ट नाही.

या वळणाची दुसरी बाजूही पाहायला हवी. नॉर्वेप्रमाणे इथेही रुग्णांना वेगळे ठेवावे, आश्रयस्थाने काढावीत, असा आग्रह कार्टर सरकारकडे धरू लागले. सरकारने खर्चाकडे बोट दाखवून फारसे काही केले नाही. पण वेगळे ठेवण्याचा विचार रुजला आणि १८९८ मध्ये कायदाही आला. औषध नसलेल्या काळात डॉक्टरला दुसरा मार्ग दिसत नव्हता हे खरे. औषध आल्यावरही भिंती पडल्या नाहीत हेही खरे. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यातून वगळायला भारतात २०१९ साल उजाडावे लागले.

खाज म्हणजे छोटी वेदनाच का?

कार्टर यांच्या काळापासून विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत बहुतेकांना तसेच वाटत होते. वेदनेचा धागा हलकेच छेडला की खाज, जोरात छेडला की वेदना. पण काही गोष्टी या हिशेबात बसत नव्हत्या. मॉर्फिन दिले की वेदना थांबते, पण अनेकांना अंगभर खाज सुटते. वेदना झाली की माणूस हात मागे घेतो, खाज आली की हात तिथेच नेतो.

१९९७ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी माणसाच्या त्वचेत असे उघडे, अतिशय संथ धागे शोधले, जे हिस्टामाइन या रसायनाने पेटतात आणि खाजेचा संदेश नेतात. डास चावला किंवा पित्त उठले की त्वचेतल्या पेशी हेच रसायन सोडतात आणि ॲलर्जीची गोळी त्यालाच अडवते. पण प्रत्येक खाज त्या गोळीला जुमानत नाही. सह्याद्रीच्या रानात फिरणाऱ्यांना खाजकुयली माहीत असते. तिच्या शेंगेवरची लव अंगाला लागली की माणूस सैरभैर होतो. त्या लवेत प्रथिने तोडणारे विकर असते आणि ते हिस्टामाइनच्या वाटेने न जाता वेगळ्याच धाग्यांना छेडते. जगभरच्या प्रयोगशाळांत खाजेच्या प्रयोगांसाठी ही लव वापरली जाते. आपल्या रानातली ही कुप्रसिद्ध वेल विज्ञानाच्या अशी कामी आली. २००७ मध्ये उंदरांच्या मज्जारज्जूत खाजेचा निरोप पुढे नेणारा खास रेणूही सापडला. तो बंद केला की उंदीर कमी खाजवत, वेदना मात्र पूर्वीसारखीच जाणवे.

खाजवल्यावर बरे वाटते ते मज्जारज्जूतच. नखांनी केलेली छोटी वेदना खाजेच्या संदेशाला दाबते. नखे थांबली की संदेश परत येतो, त्वचा सोललेली असते आणि खाज आणखी वाढते.

खाज आणि वेदना, दोन्ही नेणारे धागे याच बारीक, उघड्या जातीचे. कुष्ठरोगात हेच आधी जातात. गजकर्ण खाजते, इसब खाजते, कुष्ठरोगाचा चट्टा सहसा खाजत नाही, कारण खाज सांगणारेच उरलेले नसते. पांढऱ्या कोडाचा डागही खाजत नाही, पण तिथली संवेदना शाबूत असते आणि त्याचा कुष्ठरोगाशी काहीही संबंध नाही. हा घोळ आजही कित्येकांना नाहक त्रास देतो.

अखेरची वर्षे

१८७५ मध्ये कार्टर परतले आणि काठियावाडात कुष्ठरोगाची पाहणी केली. पुढे मुंबईत दुष्काळापाठोपाठ तापाची साथ आली. १८७७ मध्ये त्यांनी रुग्णांच्या रक्तात मळसूत्रासारखे वळवळणारे जंतू दाखवले, माकडांना टोचून ताप उठवून पाहिला. प्रेतांवर काम करताना त्यांना स्वतःलाही तो ताप जडला आणि त्यातून ते वाचले. ग्रँट मेडिकल कॉलेजचे प्राचार्यपद मिळाले. मलेरियाचे परजीवी हिंदुस्थानात पाहणाऱ्या पहिल्या काही जणांत त्यांचे नाव येते. १८८८ मध्ये तीस वर्षांची नोकरी संपवून ते स्कारबरोला परतले. १८९० मध्ये राणीचे मानद शल्यवैद्य झाले, त्याच वर्षी पुन्हा विवाह केला, मुले झाली. ४ मे १८९७ रोजी क्षयाने त्यांचा मृत्यू झाला. ज्या पुस्तकाने लाखो डॉक्टर घडवले, ते तेव्हाही ग्रे यांच्याच नावाने विकले जात होते.

आज चट्टा कसा तपासतात?

यंत्र लागत नाही. आरोग्य कर्मचारी रुग्णाला आधी कापसाची वात किंवा पेनाचे टोक उघड्या डोळ्यांनी दाखवून काय करायचे ते सांगतात. मग डोळे मिटायला लावून चट्ट्यावर आणि आजूबाजूला हलकेच टेकवतात. जिथे स्पर्श झाला तिथे रुग्णाने बोट ठेवायचे. निरोगी त्वचेवर बोट अचूक जाते, चट्ट्यावर टेकवले तर अनेकदा बोट हलतच नाही. मग कोपर वाकवून आतल्या खोबणीच्या वर अल्नर मज्जातंतू चाचपतात, दोन्ही हातांची तुलना करतात, करंगळी बाजूला करता येते का पाहतात. मज्जातंतू जाड लागला, चट्टा बधिर निघाला तर बहुविध औषधोपचार सुरू होतो. १९८२ पासून जगभर वापरली जाणारी ही औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात, रोगाच्या प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने घ्यावी लागतात. उपचार सुरू झाले की संसर्ग पसरण्याची भीती लवकरच संपते. एकदा मेलेला मज्जातंतू मात्र गोळ्यांनी परत येत नाही, त्यामुळे बधिर हातापायांची काळजी पुढे जन्मभर डोळ्यांनीच घ्यावी लागते. रोज रात्री दिव्याखाली तळवे पाहायचे, फोड, चिरा, काटा शोधायचा, चुलीजवळ फडके वापरायचे आणि मऊ तळव्याची चप्पल घरातही काढायची नाही.